हनुवटी दोन बोटं खाली

या वेळचे सगळे प्रश्न बसवून काढलेल्या पोर्ट्रेटचे आहेत. चालता-बोलता टिपलेल्या फोटोंवर पुन्हा कधीतरी बोलू. वाचकांनी प्रश्नांसोबत फोटोही पाठवलेत, पण ते छापायचे नाहीत असं मी संपादकांना आधीच सांगून ठेवलंय. फोटोतल्या माणसांनी मासिकात यायचं कुठे कबूल केलं होतं? तेव्हा फोटोत काय आहे ते शब्दांत सांगते आणि मग बोलते.

प्रश्न : आमचा साताऱ्यात हौशी फोटोग्राफरांचा ग्रुप आहे. दर रविवारी एकाने एक पोर्ट्रेट दाखवायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, असा शिरस्ता. होतं असं की निम्मे जण 'वा! अप्रतिम!' म्हणून मोकळे होतात आणि एक-दोघे चिरफाड करतात. मागच्या महिन्यात एकाने बायकोचा फोटो दाखवला. खिडकीशी खुर्चीत बसलेली, चेहरा जरासा वळवलेला. एक सदस्य सगळ्यांदेखत म्हणाला, 'वहिनींचा चेहरा फार रुंद आलाय.' तेव्हापासून तो मित्र येईनासा झालाय. (दोघांना विचारूनच फोटो सोबत पाठवतोय.) मन दुखावणार नाही आणि उपयोगही होईल, असं बोलायचं कसं?

उत्तर : फोटो नीट बघितला. शेरा मारणाऱ्याच्या डोळ्याला जे खटकलं ते खटकण्यासारखंच होतं. पण बोट दाखवलं ते खुर्चीतल्या बाईकडे, आणि तिने काय करायचं त्यावर? चेहरा काही ती घरी बदलून येणार नाही.

आता हाच फोटो कॅमेऱ्यामागून बघा. खिडकी वहिनींच्या उजव्या हाताला आहे आणि चेहरा वळलाय डावीकडे. म्हणजे कॅमेऱ्याला त्यांचा उजवा गाल आणि उजवा कान दिसतो, आणि खिडकीचा सगळा उजेडही नेमका तिथेच पडतो. कान दिसतो त्या बाजूला उजेड टाकला की चेहरा रुंद दिसतो, कोणाचाही. मग म्हणायचं काय? 'कॅमेरा आहे तिथेच राहू दे, वहिनींना फक्त खिडकीकडे तोंड करायला सांग. उजेड पलीकडच्या गालावर जाईल, अलीकडचा गाल सावलीत येईल आणि चेहरा निमुळता दिसेल.' दोष तोच सांगितला. पण हे ऐकलेला माणूस रुसून बसत नाही, घरी जाऊन त्याच खिडकीत पुन्हा फोटो काढून बघतो.

बाजारात टिपलेल्या फोटोला 'मध्येच सायकलवाला आला' ही सबब असते. बसवून काढलेल्या फोटोला सबब नाही. खुर्ची कुठे, पडदा किती उघडा, हात कुठे, कॅमेरा किती उंचीवर, हे सगळं फोटोग्राफरने मांडलेलं असतं. म्हणूनच या फोटोंवर बोलणं खरं तर सोपं असायला हवं : जे हलवता येतं त्याबद्दल बोला आणि किती हलवायचं तेही सांगा. माझे सासरे स्टुडिओत गिऱ्हाइकाला 'नीट बसा' असं कधी म्हणत नसत. 'नीट बसा' म्हटलं की माणूस ताठ होतो, श्वास रोखतो, आणि तो सैल पडेपर्यंत आपण ताटकळत बसायचं. ते म्हणत, 'हनुवटी दोन बोटं खाली. उजवा खांदा चार बोटं माझ्याकडे. बास.' शेराही असाच मापात द्यावा. 'लाइट हार्श आहे' यावर तुमचा मित्र काय करणार? 'खिडकीला पांढरा पंचा लाव आणि वहिनींना वीतभर मागे सरकव' यावर करता येतं.

त्याच्याही आधी एक गोष्ट. फोटो दाखवणाऱ्याने एक वाक्य बोलायचंच, असा ग्रुपचा नियम करून टाका : हा फोटो कोणासाठी आणि कुठे लागणार. अर्धा चेहरा काळोखात गेलेला फोटो नाटकाच्या जाहिरातीला झकास, आणि तोच बँकेतल्या नोकरीच्या अर्जावर लावला तर साहेब विचारेल, दुसरा कान आहे ना? हेतू न कळता दिलेले शेरे नुसतेच आपापल्या आवडीनिवडी असतात.

'अप्रतिम'वाल्यांचंही ऐकून घ्या. त्यांनी कोणाला दुखावलं नाही हे खरं, पण पुढच्या वेळी काय राखायचं ते त्या बिचाऱ्याला कुठे कळलं? याच फोटोत एक गोष्ट फार सुरेख आहे, आणि तुमच्या पत्रावरून तरी दिसतं की त्याबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. वहिनींनी चष्मा काढून मांडीवर धरलाय. बोटं सैल आहेत, एक काडी अर्धवट मिटलेली. आत्ताच वाचता वाचता वर बघितलं असावं, असं वाटतं. हे त्याने मुद्दाम केलं असेल किंवा आपसूक झालं असेल. पण सांगा त्याला, म्हणजे पुढच्या वेळी तो मुद्दाम करील.

आणि बोलायचं कशाकशावर, याचा क्रम असावा. आधी डोळे आणि चेहऱ्यावरचा भाव, मग उजेड, मग हात-खांदे, मग मागचा पडदा. कॅमेऱ्याचे आकडे सगळ्यांत शेवटी. हौशी ग्रुपांत नेमकं उलटं चालतं. पहिला प्रश्न येतो, 'लेन्स कुठली?' जसं काही लेन्सच बायकोला खुर्चीत बसवून आली! एका बैठकीत एका फोटोला एकच मोठी दुरुस्ती सांगा. सात सांगितल्या तर माणूस एकही करत नाही.

राहिला फोटोतला माणूस. तो त्या खोलीत बसलाय असं धरूनच बोलायचं. जाड, काळी, वय दिसतं, दात पुढे, टक्कल : हे शब्द या विषयात लागतच नाहीत. हनुवटीखाली वळी दिसत असेल तर म्हणा, 'कॅमेरा डोळ्यांच्या रेषेच्या जरा वर घे आणि कपाळ कॅमेऱ्याकडे आणायला सांग.' टक्कल चमकत असेल तर 'वरचा दिवा चार बोटं मागे ने आणि पावडरचा हलका हात फिरव.' प्रत्येक शेरा असा उलथून मांडता येतो. जो येत नाही, तो गिळून टाकायचा.

त्या मित्राकडे माफीचं शिष्टमंडळ वगैरे नेऊ नका. एकानेच जावं, चहा प्यावा आणि म्हणावं, 'खिडकीची बाजू बदलून बघू या का?'

प्रश्न : काकू, मी १९ वर्षांची आहे, नाशिकला शिकते. गुढीपाडव्याला मावशीचा नऊवारीतला फोटो आमच्या जुन्या घराच्या दारात काढला, फोनवर. नथ, खोपा, सगळं छान होतं. सगळे म्हणतात, 'काहीतरी कमी आहे.' काय ते मात्र कोणीच सांगत नाही!

उत्तर : 'काहीतरी कमी आहे' म्हणणाऱ्यांना म्हणावं, एकदा बघा, पुन्हा बघा आणि मग बोला. फोटोत कमी काही नाही, उलट दोन-तीन गोष्टी जास्तच आहेत.

आधी जमलेलं. काळपट लाकडी दार आणि समोर हिरवं लुगडं, ही निवड तुझी, आणि ती उत्तम. मावशी सरळ लेन्समध्ये बघते आहे आणि तिचे डोळे स्वच्छ आलेत. फ्रेमच्या कडेला चप्पल नाही, बादली नाही. सणाच्या दिवशी आपल्या घराच्या दारात हे साधणं सोपं नसतं.

आता नथ. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत. तू मावशीला तिच्या डावीकडे तोंड वळवायला सांगितलंस, त्यामुळे नथ नाकापलीकडे गेली आणि नुसते दोन मोती बाहेर डोकावतायत. तिला जरासं उजवीकडे वळव, म्हणजे डावा गाल तुझ्याकडे येईल आणि आकडा, मोती, मधला लाल खडा, सगळी नथ गालावर उमटेल. एवढ्याने अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं सावलीचं. तू फोटो काढलास भर उन्हात, ऊन डोक्यावरून. नथीची सावली पडलीये वरच्या ओठावर, आणि लांबून बघितलं तर मावशीला अर्धी मिशी फुटल्यासारखी दिसते. हे कोणी तुला तोंडावर सांगितलं नसणार. मावशीने तर नक्कीच बघितलंय, ती बोलली नसेल.

उपाय सोपा आहे. मावशीला उंबरठ्याच्या आत दोन पावलं घे. वरून येणारं ऊन छपरावर थांबेल आणि अंगणातला मोकळा उजेड समोरून, मऊ येईल. तू अंगणात उभी राहा, फक्त दार अडवू नकोस. थर्माकोलची एक पांढरी शीट कोणाला तरी कमरेच्या उंचीवर, तिरपी धरायला सांग. ओठाखालची आणि हनुवटीखालची सावली उजळते. उजेड तिच्या किंचित डावीकडून येऊ दे. वर साताऱ्याच्या मंडळींना मी उजेड पलीकडच्या गालावर टाकायला सांगितला आणि तुला अलीकडच्या गालावर टाकायला सांगतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. नथ सावलीत गेली तर मोती मेलेले दिसतात. नथ घातलेली असली की नियम नथीचा.

दुसरं, तू फार जवळ उभी होतीस. फोनची मुख्य लेन्स मोठा परिसर मावणारी असते, म्हणून चेहरा भरून यावा यासाठी आपण नकळत पुढे पुढे जातो. नाकाचं टोक कानाच्या साधारण १२ सेंटीमीटर पुढे असतं. अडीच फुटांवरून काढलंस तर नाक कानाच्या मानाने १६ टक्के मोठं उमटतं, आठ फुटांवरून जेमतेम ५ टक्के. मावशीचं नाक छानच आहे, त्याला उगीच कशाला वाढवायचं? सात-आठ फूट मागे जा आणि फोनमधली २ किंवा ३ पटीची लेन्स वापर.

तिचे दोन्ही हात खाली लोंबतायत, कारण तू तिला हातांना काही कामच दिलं नाहीस. एक हात चौकटीवर ठेवू दे, दुसऱ्यात पदराचा काठ. तळहाताची मागची रुंद बाजू कॅमेऱ्याकडे येऊ देऊ नकोस, करंगळीकडची कड येऊ दे. हात लगेच नाजूक दिसतो. वजन मागच्या पायावर. आणि फ्रेम पावलांच्या वर, घोट्यातच कापलीस, ते टाळ. एक तर जोडव्यांसकट पावलं घे, नाहीतर मांडीच्या मध्यावर थांब. सांध्यावर कधी कापायचं नाही, माणूस तुटल्यासारखा दिसतो.

शेवटचं म्हणजे हसू. 'एक, दोन, तीन, स्माइल' म्हटलं होतंस ना? दिसतंय ते. तिनावर ओठ हसलेत, डोळे अजून दोनावरच आहेत. पुढच्या वेळी आकडे मोजू नकोस. तिला विचार, 'मावशी, हे लुगडं कोणी घेतलं तुला?' ती बोलत असताना काढू नकोस, तोंड वेडंवाकडं येतं. बोलून झालं, ओठ मिटले आणि आठवण अजून डोळ्यांत आहे, तेवढ्यात बटण दाब.

नवीन फोटो जरूर पाठव. मावशीला विचारून.

प्रश्न : वडिलांच्या पंच्याहत्तरीला आई-बाबांना सोफ्यावर शेजारी बसवून फोटो काढला. साधा डीएसएलआर, ५० एमएम लेन्स, एफ १.८. आई स्पष्ट आली, बाबा धूसर. शिवाय बाबांच्या चष्म्यात दिव्याचा पांढरा चौकोन. आणि ते हसतच नाहीत! भाऊ म्हणतो, फोटो फुकट गेला. (कोल्हापूर)

उत्तर : भावाला म्हणावं, फुकट काही गेलेलं नाही. आईचा चेहरा आणि तिने बाबांच्या मनगटावर ठेवलेला हात, तेवढा भाग कापून घ्या. तो स्वतंत्र फोटो आहे.

धूसरपणाचं कारण तुम्हीच लिहिलंय : एफ १.८, म्हणजे लेन्सचं भोक पार उघडं. हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. तुमच्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात ५० एमएमने पाच फुटांवरून काढलं तर स्पष्टपणाची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती, सहा-सात सेंटीमीटर मिळते. बाबा सोफ्यात मागे रेलून बसलेत, आई पुढे सरकून. दोघांच्या डोळ्यांत सहज वीतभर अंतर आहे. मागचा पडदा लोण्यासारखा व्हावा म्हणून हल्ली सगळे एफ १.८ला चिकटून बसतात. दोन माणसं असली की एफ ५.६वर या, खोली सुमारे वीस सेंटीमीटरपर्यंत जाते. उजेड कमी पडला तर आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची कॅमेऱ्याची ताकद, वाढवा. थोडे दाणे आलेले चालतात, धूसर बाबा चालत नाहीत. आणि मुळात त्यांना सोफ्यावर बसवू नका. सोफ्यात माणूस रुततो, पोट पुढे आणि मान आत जाते. स्वयंपाकघरातल्या दोन साध्या खुर्च्या आणा, दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर ठेवा.

चष्म्यातला चौकोन घालवायला दिवा वर आणि बाजूला न्या. तेवढ्याने नाही भागलं तर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलून ठेवा. काचा खाली झुकतात, दिवा दिसेनासा होतो, आणि फोटोत काड्या उचललेल्या कळतही नाहीत. चष्मा काढायला मात्र सांगू नका. चष्म्याची सवय असलेला माणूस तो काढला की डोळे बारीक करून बघतो आणि अनोळखी दिसतो.

बाबांच्या न हसण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ७५ वर्षं त्यांनी त्याच चेहऱ्यावर निभावलंय.

प्रश्न : दिवाळीत मुलीला हातात पणती देऊन उभं केलं, अंधारात. फोटो भुतासारखा आला. कॅलेंडरवर असतात ते इतके सुंदर कसे दिसतात? (सावंतवाडी)

उत्तर : सावंतवाडीहून हा प्रश्न यावा याची मला मौज वाटली. या विषयावरचं सगळ्यांत गाजलेलं चित्र तुमच्याच गावच्या माणसाचं आहे. सावळाराम हळदणकरांनी जलरंगात काढलेली, हातात दिवा घेतलेली स्त्री. 'ग्लो ऑफ होप' या नावाने ते ओळखलं जातं आणि म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात लावलेलं आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात. चित्रासाठी त्यांनी स्वतःच्या मुलीलाच उभं केलं होतं. म्हणजे हेही बसवून, खरं तर उभं करून काढलेलं पोर्ट्रेटच, आणि शिकायला यापेक्षा चांगलं मिळायचं नाही.

ते चित्र समोर ठेवा आणि तिचे हात बघा. एका हातात दिवा आणि दुसरा तळहात ज्योतीवर आडोशाला. त्यामुळे दोन गोष्टी साधतात. ज्योत उघडी दिसत नाही, म्हणून डोळे दिपत नाहीत. आणि बोटांतून उजेड झिरपून हात लालसर पेटतो. तुमच्या फोटोत पणती उघडी आहे आणि हनुवटीच्या अगदी खाली, जेमतेम अर्ध्या फुटावर. आपल्याला माणसाच्या चेहऱ्यावर वरून उजेड बघायची सवय असते. तो खालून आला की नाकाची सावली कपाळाकडे चढते, आणि भूत दिसतं ते तिथे. उजेडाने माणूस भयाण दिसावा, हे फोटोग्राफर मुद्दामही करतात. अमेरिकेतल्या अर्नोल्ड न्यूमनने १९६३ मध्ये जर्मन कारखानदार आल्फ्रीड क्रुपचा फोटो काढला. नाझी काळात वेठबिगार राबवल्याबद्दल शिक्षा झालेला हा माणूस, आणि न्यूमन स्वतः ज्यू. त्याने कारखान्यातच क्रुपला बसवलं, दोन्ही बाजूंनी दिवे लावले आणि पुढे झुकायला सांगितलं. फोटोत साक्षात सैतान उतरला. उजेडाची जागा बदलली की माणसाबद्दलचं मत बदलतं, म्हणून घरच्या मुलीच्या बाबतीत जरा जपून.

तर करायचं असं. पणती छातीच्या खाली आणि चेहऱ्यापासून हातभर पुढे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो, त्यामुळे हनुवटी भाजल्यासारखी दिसणार नाही. दुसऱ्या तळहाताचा आडोसा ज्योत आणि कॅमेरा यांच्यामध्ये. आता चेहऱ्याला उजेड पुरणार नाही, तर तो चोरून द्या. फ्रेमच्या बाहेर, पणतीच्याच बाजूला, तिच्या गालाच्या उंचीवर एक पिवळा बल्ब, त्याच्यापुढे बटर पेपर. बघणाऱ्याला वाटेल सगळा उजेड पणतीचाच. असा चोरदिवा नसेल तर एका पणतीत, आयएसओ १६०० आणि एफ २ ठेवूनही, शटर साधारण १/१५ सेकंद उघडं ठेवावं लागतं, आणि मुलं काही तेवढा वेळ स्थिर राहत नाहीत. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड पिवळट दिसावा की पांढरा हे ठरवणारी कॅमेऱ्यातली सोय, ऑटोवर ठेवू नका, कॅमेरा पिवळेपणा धुऊन टाकायला बघतो. ३२०० केल्विनच्या आसपास किंवा त्याच्याही थोडा वर ठेवा. आणि मागे अगदी काळोख नको. सूर्य मावळल्यावर आकाश निळं असतं त्या वेळी अंगणात काढा.

ओढणी पिनेने मागे, केस बांधलेले, शेजारी एक मोठं माणूस. फोटो काय, पुन्हा काढता येतो.

प्रश्न : मी लातूरकडे लग्न-साखरपुड्याचे फोटो काढतो. नातेवाईक म्हणतात, 'पोरगी जरा उजळ करा.' केलं, की आमच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर 'प्लास्टिक' म्हणून हसतात. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको. मुलीचं ऐका. तिला कोणी विचारलंय का?

तुम्ही पाठवलेल्या फोटोत नवरी पिवळ्या साडीत आहे, मागे पांढरा पडदा. चेहरा गुलाबी आणि मांडीवर ठेवलेले हात गव्हाळ. मेंदीच्या हातांवरून नजर वर गेली की ते लगेच कळतं. ग्रुपवाल्यांनी 'प्लास्टिक' म्हणण्याऐवजी 'मनगट आणि गाल शेजारी ठेवून बघ' एवढं म्हटलं असतं तरी तुमचं काम झालं असतं.

पण याचं मूळ कॉम्प्युटरवर नाही, कॅमेऱ्यात आहे. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. पांढरा पडदा दिसला की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि ते अख्खा फोटो खाली आणतं. मुलगी आहे त्यापेक्षा सावळी आली ती तिथे. मग घरचे म्हणतात उजळ करा, तुम्ही कॉम्प्युटरवर पांढरं फासता, आणि ग्रुप हसतो. एक्स्पोझर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) वाढवा किंवा मीटरिंग चेहऱ्यावरून घ्या. मुलगी आहे तशी आली तर 'उजळ करा' म्हणणारे निम्मे गप्प बसतात. त्यांना बहुतेक वेळा तजेला हवा असतो, तो सांगता येत नाही म्हणून गोरेपणा मागतात. उरलेले निम्मे खरंच गोरेपणाच मागतात; त्यांना 'मुलीला विचारून करतो' म्हणायचं. बहुतेक मुली नको म्हणतात, मी बघितलंय.

सावळ्या त्वचेचं सौंदर्य चमकेत असतं, पांढरेपणात नाही. मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरं कापड लावलेली पेटी) किंवा पांढरी छत्री जवळ आणि बाजूला घ्या, गालाच्या हाडावर लांब, मऊ चमक येऊ द्या. पावडर फक्त कपाळ आणि नाकाच्या शेंड्यावर.

टचिंगचा हट्ट काही आजचा नाही. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या भरण्याचं काम आमच्या स्टुडिओत रोज चालायचं, आणि 'काकांच्या गालावरचा व्रण घालवा' म्हणणारे पुतणेही रोज यायचे. सासऱ्यांचा दंडक होता, आणि आजही मी तोच सांगते : पंधरा दिवसांत जे आपोआप जाणार आहे ते काढा. पुटकुळी, ओरखडा, झोप न झाल्याची काळी वर्तुळं. तीळ, व्रण, खळी हे त्या माणसाचं आहे. त्याने स्वतः सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. त्वचा गुळगुळीत करणारा थर लावलाच तर निम्म्यावर ठेवा आणि फोटो १०० टक्के मोठा करून बघा. गालावरची रंध्रं दिसायला हवीत.

प्रश्न : पोझ दुरुस्त करताना समोरच्याला हात लावावा का? मी पुरुष, समोर बहुधा बायका-मुली असतात. (म्हापसा)

उत्तर : नको. तुम्ही स्वतः तशी पोझ करून दाखवा, आरशात बघितल्यासारखी : त्यांचा डावा हात हवा असेल तर तुमचा उजवा. मान किती वळवायची ते तुमच्या हाताने हवेत दाखवा, 'माझ्या बोटाकडे नाक करा' म्हणा. पदर, केस, निऱ्या यासाठी सोबत आलेल्या बहिणीला किंवा मैत्रिणीला पुढे बोलवा. तिला तसंही बसून कंटाळा आलेला असतो. कोणीच सोबत नसेल तर एक मोठा आरसा तिच्यासमोर आणून ठेवा आणि तुम्ही दोन मिनिटं बाहेर जाऊन उभे राहा.